ह्यांना ठाऊक होतं

कोंढ्याजवळच्या आमच्या गावात रक्त तपासायचं शिबिर लागलं तेव्हा धानाचा रोवणा सुरू होता. मी शाळेत जाऊन बोट टोचून घेतलं आणि परत बांधीत रोपं लावायला उतरले. संध्याकाळी रिपोर्ट आणायला माझे यजमान गेले. आल्यावर म्हणाले, सगळं बरोबर आहे. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर हे बदलले. चहात साखर कमी टाक म्हणायचे. रात्री भात नको, भाकर खा म्हणायचे. बाजारातून कारली आणायचे, आणि गुडघेदुखीवर म्हणून कसलंसं कडू चूर्णही. शेजारणी चिडवायच्या, या वयात नवरा बायकोला एवढं जपतो म्हणून. मला ते आवडायचं. घसा सारखा कोरडा पडे, तळपाय बधिर वाटत, पण ते मी वयावर ढकललं. उन्हाळ्यात मुलीचं लग्न झालं, ती लाखांदूरकडे गेली.

पुढच्या रोवण्यात पायाला काहीतरी लागलं. दुखलंच नाही, म्हणून लक्ष गेलं नाही. अंगठा काळा पडून वास सुटला, तेव्हा ह्यांनी मला पवनीला डॉक्टरकडे नेलं. शुगर कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, मला शुगर नाही. हे खाली बघत बोलले, "शिबिरात निघाली होती, साहेब. मागच्या रोवण्याले."

मला आधी वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत.

भंडाऱ्याला अंगठा काढला. वॉर्डात मी ह्यांना एकच विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले होते. मायले शुगर म्हटलं का पोरीलेही होते म्हणतेत लोक. सोयरीक मोडली असती. अन् तुह्या पोटात गोष्ट राहत नाही."

सोयरिकीची भीती मी समजू शकले असते. पण मला सांगितलं असतं तर ती गोष्ट मीही लपवली असती. माझ्याच पोरीसाठी होती ना? तेवढा भरवसासुद्धा ह्यांना नव्हता.

मुलगी सासूला घेऊन भेटायला आली. पायाकडे बघून रडली, पण हे कशानं झालं ते तिनं विचारलं नाही. तेव्हाच मी ओळखलं.

"तुलेही मालूम होतं?"

तिनं मान डोलावली. बाबांनी शपथ घातली होती, म्हणाली. सासरहून रोज फोनवर माझ्याशी बोलणारी पोर.

जेवायच्या वेळी तिच्या सासूनं पिशवीतून गोळी काढली. कशाची, असं मी विचारलं.

"शुगरची," ती सहज म्हणाली. "लय वर्षं झाली, विहीणबाई. आमच्याकडे घरोघरी आहे."

हे दारातच उभे होते. ऐकलं आणि बाहेर निघून गेले.

आता मी एसटीनं पवनीला एकटी जाते. गोळ्या मीच आणते, रिपोर्टही मीच घेते. मुलीची तपासणी करवली, तिला काही निघालं नाही. तिच्यावरचा राग हळूहळू गेला. हे रोज संध्याकाळी माझा पाय मांडीवर घेऊन, कुठे जखम तर नाही ना, म्हणून बोटांच्या सांदीत बघतात. मी पाय पुढे करते. बोलत नाही.