राळ्यांची वाट

आक्का गेली त्या दिवशी पुरुषमंडळी ओढ्यावरून परत येताना वाटेवर राळे टाकत आली. बाळंतपणात गेलेल्या बाईचा जीव पोरात अडकलेला असतो आणि ती घराकडे यायला बघते, असं आमच्याकडे मानत. म्हणून मसणवट्यापासून घरापर्यंत राळे पेरायचे. राळा म्हणजे मोहरीएवढं बारीक, पिवळं धान्य. येणारीला वाटेतला दाणा न् दाणा वेचल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, आणि वेचून होण्याआधीच उजाडतं. मग तिला माघारी फिरावं लागतं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

हे मला आत्याने सांगितलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच नवरा वारल्यापासून आमच्याकडे राहिलेली. सांगताना तिचा सूर धीर देण्याचा होता.

"आता भ्यायचं न्हाई. ती काय येत न्हाई आता."

मला मात्र एवढंच कळलं, की आक्काला घरी यायचं आहे आणि आपल्याच माणसांनी तिची वाट अडवली आहे.

मी तेव्हा नववीची परीक्षा दिली होती. जामखेडच्या पुढे आमचं गाव. दुष्काळाचा उन्हाळा होता, वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि पंधरवड्याने घरी येत. मी पुढे बी. ए. झाले, आमच्या घरातली पहिली. कुणी कौतुक केलं, की मला आक्का आठवते. ती चौथीतून शाळेबाहेर पडली ती माझ्यासाठी. पहाटे विहिरीवरच्या रांगेत ती उभी राहायची, म्हणून मला वेळेवर शाळा गाठता यायची. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणायची, "वाच गं तुजा धडा. मलाबी कळू दे पुढं काय झालं." लग्न होऊन गेली तेव्हा मी धडे मोठ्याने वाचणं सोडलं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा म्हणाली होती, "आता पोराला ऐकू दे तुजं धडं."

पोरगा जगला. ती गेली. दिवसकार्य झाल्यावर तिचा नवरा गावी परतला. बाळ धड होईपर्यंत आमच्याकडे राहायचं होतं.

रात्रीत तिला सगळे दाणे वेचता येत नसतील, तर दिवसा मी वेचावेत, असं मी ठरवलं. वेळ निवडली भरदुपारची. त्या वेळी गाव चिडीचूप असायचं. बाराच्या उन्हात बायापोरींनी ओढ्याकडे जाऊ नये, ती वेळही मध्यरात्रीसारखीच असते, असं सगळे म्हणत. माझ्या दृष्टीने ते बरंच होतं. कुणी भेटणार नव्हतं. आक्काचा पावडरीचा रिकामा डबा मी दाणे ठेवायला घेतला. त्याला अजून तिचा वास होता.

उंबऱ्यापासून सुरुवात केली. दारात एकही दाणा नव्हता. गल्लीतही नाही. चिमण्यांनी खाल्ले असतील अशी मी समजूत करून घेतली. पहिला दाणा सापडला तो वेशीबाहेरच्या बाभळीखाली, गाडीच्या चाकोरीतल्या धुळीत. तिथून पुढे होतेच. मी उकिडवी बसून धूळ फुंकायची, दाणा चिमटीत धरायची, डब्यात टाकायची. डोकं तापायचं, डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचायचे आणि त्यातला दाणा कुठला हे कळेनासं व्हायचं.

रोज मी थोडी थोडी ओढ्याकडे सरकत होते. आणि तसतशी घरातून निघून चालले होते. भाकरीचा घास तोंडात फिरायचा. कुणी बोललं तर उत्तर द्यायला उशीर लागायचा. चालताना मान खालीच. मनात मात्र आक्काशी अखंड बोलणं चालू असे, की आज बाभळीपासून थडग्याच्या वळणापर्यंत झालं, उद्या उतार लागेल, तू तिकडून ये. बाळाकडेही मी बघत नव्हते. ते रडायला लागलं की मला त्याचा राग यायचा.

ओढ्याच्या कडेला एक म्हातारा धनगर शेळ्या घेऊन असायचा. एकदा त्याने लांबून हाळी दिली.

"काय वेचतीस गं पोरी? सोनं सांडलं का बापाचं?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग मलाबी दे की वाटा. शेरडं उपाशी हायती."

तो हसला. मी हसले नाही. तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायचा थांबला.

ओढ्याचा उतार लागला आणि एक अजब गोष्ट दिसली. मधल्या एका टप्प्यात दाणेच नव्हते. वर होते, अगदी खाली होते, मधे वाट स्वच्छ. वारा नव्हता. चिमण्या तर त्या उन्हात कुठेच नव्हत्या. म्हणजे आक्का खरंच येत होती. ती खालून वेचत होती, मी वरून, आणि आता आमच्यात फार अंतर उरलं नव्हतं. अगदी खालचे थोडे अंधारात तिच्या हातून सुटले असतील, असं मी धरून चालले. मला आनंद झाला. तरी पुढे न जाता मी तिथे मातीतच बसले.

त्या संध्याकाळी बाळाने दूध सोडलं. कापसाचा बोळा ओठांशी धरला की मान फिरवायचं. अंग कढत. रडणंही हळूहळू बारीक होत गेलं. आत्याने झोळीखाली विळा ठेवला.

"जवळ आलीया ती," ती आईला म्हणाली. "पोराला न्यायला आलीया. राळे तुडवून कशी आली, कुणाला ठावं."

आई बोळा पुन्हा दुधात बुडवत राहिली. मी भिंतीशी बसून होते. डबा माझ्या ओच्यात होता. कशी आली हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

आक्का आपल्याच पोराचं वाईट करणार नाही, असं मी रात्रभर मनाला बजावत राहिले. पण आत्या म्हणाली होती, मेलेल्या माणसाची मायाही वेगळी असते, ज्यावर जीव असतो त्यालाच ते ओढून नेतं. मला ती कशी ओढत होती ते मी अनुभवत होतेच. मग बाळाचं काय?

दुसऱ्या दुपारी मी डबा घेऊन ओढ्यावर गेले. थेट खाली, मसणवट्याच्या कडेपर्यंत. राख कधीच उडून गेली होती. काळपट दगड तेवढे राहिले होते. त्यांच्याजवळ शेवटचे मूठभर दाणे पडलेले दिसत होते. ते वेचले, की वाट मोकळी. किंवा डबा उपडा करून सगळे पुन्हा पेरायचे आणि आक्काला कायमचं तिथेच ठेवायचं. एक हात झाकणावर, एक जमिनीकडे, अशी मी उभी राहिले. एक केलं तर बाळ जाणार, दुसरं केलं तर आक्का.

"काय करतीस हितं?"

मी वळले. आई होती. डोक्यावर पदर, हातात दुधाचा गडवा. धनगराकडे शेळीचं दूध मागायला ती आली होती, आणि त्यानेच तिला सांगितलं होतं की तुमची धाकटी रोज दुपारी इकडे काहीतरी वेचत असते.

"आक्काची वाट मोकळी करतीया," मी म्हणाले.

आईने डब्याकडे बघितलं. ओळखला असणार. ती हळूच खाली बसली, गडवा मांडीवर धरून.

"येशीपस्तोर बाप्यांनी टाकलं," ती म्हणाली. "येशीपासनं दारापर्यंत घरच्या बाईनं टाकायचं असतं. माज्या वटीत घातलं हुतं. मी टाकलं न्हाई."

"का?"

"का म्हंजी? माजी लेक हाय ती. तिला कशी येऊ नको म्हनू?"

मला दारातली आणि गल्लीतली रिकामी वाट आठवली.

"मग आली का ती?"

"न्हाई. रोज राती दार उघडं ठिवतीया. तुजी आत्या झोपली की कडी काढती. न्हाई आली." आईचा आवाज जराही हलला नाही. "आली असती तर पोराला पाजून तरी गेली असती, बाई. एवढं रडतंय ते."

मी तिथेच रडले. आक्का गेल्यापासून पहिल्यांदा. आईने मला उगी केलं नाही. रडून झालं तेव्हा आमच्या पायाशी मुंग्यांची रांग दिसली. एक मुंगी तिच्याहून मोठा पिवळा दाणा ओढत बिळाकडे चालली होती. मी तो बघत बसले. तो उतारावरचा रिकामा टप्पा आता मला कळला, आणि कळून बरं वाटलं नाही.

आईने डबा माझ्या हातातून घेतला, दाणे मुंग्यांच्या बिळाजवळ ओतले आणि रिकामा डबा कनवटीला खोचला.

"चल. दूध नासंल उनात."

गडवा तिने माझ्याकडे दिला. काठोकाठ भरलेला होता. दोन्ही हातांनी धरायचा, नजर दुधावर ठेवायची, नाहीतर सांडणार. त्यामुळे परतीच्या सगळ्या वाटेवर मला एकदाही पायाखाली बघता आलं नाही.

बाळाने संध्याकाळी बोळा तोंडात धरला. मीच पाजत होते. एकेक थेंब, अंधार पडेपर्यंत. ताप उतरायला पुढे बरेच दिवस लागले, पण त्याने दूध पुन्हा सोडलं नाही.

त्या रात्री आईने उतरंडीतल्या मडक्यातून फडक्याची एक गाठ काढली, सोडली आणि राळ्याचा भात टाकला. आक्काला आवडायचा तसा, जरासा गूळ घालून. मी ताटभर खाल्ला.

"राळे कुठनं आले?" आत्याने विचारलं.

"हुते," आई म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "वाच की तुजा एखादा धडा. ह्याला ऐकू दे."