मागून येणाऱ्याचं पाणी

शीलाताईंच्या खोलीतून बाहेर पडताना प्रत्येकाला एक काम करावं लागे. दाराशी तिवईवर माठ होता. त्यातून पेला भरायचा, आपल्यानंतर ज्याची पाळी असेल त्याच्या हातात द्यायचा आणि मगच चपला घालायच्या. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं त्या उन्हाळ्यातही हा नेम मोडला नाही, फक्त पेला लहान झाला. कुणी कारण विचारलं तर ताई म्हणत, "माझं अर्धंच औषध आत हाय. बाकीचं दारात ठिवलंय."

मला हा नेम पहिल्याच दिवशी कळला आणि घाम फुटला. कारण मी पाण्याच्या पेल्यालाच घाबरून तिथं गेले होते.

ताई मूळच्या हदगावकडच्या. मानसशास्त्र शिकून त्यांनी काही वर्षं नांदेडला नोकरी केली, ती सोडली आणि लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. खाली लावलेल्या पाटीवर आडनाव नावापेक्षा मोठं होतं. रंगाऱ्याला वाटलं, आपली चूक झाली. तो दुरुस्त करून देतो म्हणाला तर ताईंनी त्याला थांबवलं. "राहू दे. आडनाव वाचून ज्याला परत जायचं, त्याला जिना चढायची तकलीफ नको." त्यांच्याकडं येणारी माणसं बहुतेक आमच्यासारखीच असत. वस्तीवरच्या बाया, पारधी कुटुंबातली पोरं, नर्सिंगच्या मुली. पण ताई फुकट कुणालाच बघत नसत. ज्याला जे झेपेल ते घेत, पण घेत. "दान घ्यायला आल्यावानी अंग चोरून बसू नका," त्या दटावत. "फी दिली की मला चार उलटे सवाल करायचा हक मिळतो, तो वापरा."

मी तेव्हा शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेत शिक्षिका होते. आमच्या घरातली पहिली नोकरी. आईची रोजंदारी दुष्काळानं बंद पडलेली, भाऊ शिकत होता, घर माझ्या पगारावर चाललं होतं. शाळेच्या एका कार्यक्रमात पाहुण्यांना पाणी द्यायचं काम माझ्याकडं आलं. एका पाहुण्यानं पेला घेतला, शेजारच्याला हळूच माझं आडनाव विचारलं आणि पेला तसाच खुर्चीखाली सरकवला. कुणी अवाक्षर काढलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पेला धरला की माझा हात थरथरायला लागला. मग खडू धरतानाही. पोरं हसायला लागली. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. स्टाफरूममध्ये त्या दिवसांत एकच चर्चा असे, उदगीर नवा जिल्हा झाला तर कुठला तालुका कुठं जाणार. मी कोपऱ्यात हात पदराखाली लपवून ते ऐकत बसे आणि राजीनामा कधी द्यायचा याचा विचार करी.

ताईंना हे सगळं सांगितलं तर त्यांनी त्या पाहुण्याबद्दल काहीच विचारलं नाही. "लहानपणी पाणी कुठून भरायचात?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा. आम्ही विहिरीवर चढायचं नाही. वरून कुणीतरी घागरीत ओतायचं. मी खाली घागर धरून उभी राहायची."

"आई काय म्हणायची तवा?"

मला आठवलं आणि रडूच आलं. आई माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "हात हलवू नगंस माय. सांडलं तर परत देणार न्हाईत."

ताईंनी खुर्ची जवळ ओढली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लई वर्षं गप राहिला गं ह्यो हात. आता हलून राहिला तर हलू दे की. याला रागवू नको."

इतक्या दिवसांत माझ्या हाताची बाजू कुणी घेतली नव्हती, मीसुद्धा नाही.

पुढं त्यांनी मला रोज पहाटे चालायला लावलं, श्वासाकडं बघत बसायला शिकवलं, वेळेवर जेवायला लावलं. एका रविवारी बसनं आमच्या गावी आल्या. आईनं भीत भीत विचारलं, "पोरगी बरी व्हईल का? नोकरी टिकंल का?" ताई तिची भाकरी खात म्हणाल्या, "तुमच्या पोरीत खोट न्हाई, मावशी." मग आमच्या वस्तीच्या बंद पडलेल्या हापशाकडं बघून म्हणाल्या, "जिल्हा नवा होईल म्हणतात. हापसा कवा नवा होतो ते बघू." जाण्याआधी त्यांनी वस्तीतल्या बायांना गोळा करून तहसीलदाराकडं कधी जायचं ते ठरवलं. त्यांच्या लेखी तोसुद्धा उपचारच होता.

माठाचं मात्र माझ्याच्यानं होत नव्हतं. बरेच आठवडे ताईंनी मला सूट दिली. मग एक दिवस म्हणाल्या, "आज भर." बाहेर बाकावर एक काकू बसल्या होत्या. जमीनजुमला असलेल्या घरातल्या, वर्षभर झोप नसलेल्या. कुठल्याशा डॉक्टरांनी पाठवलेल्या. मी पेला भरला. हात थरथरला, थोडं पाणी सांडलं, तरी पुढं धरला. त्यांनी घेतला. मग मला खालवर न्याहाळून विचारलं, "कोणाच्यातली गं तू?"

मी सांगितलं.

त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि मध्येच थांबल्या. पितही नव्हत्या, खालीही ठेवत नव्हत्या. मी जागची हलले नाही. तेवढ्यात मला दिसलं की पेल्यातलं पाणी हिंदकळतंय. आता हात त्यांचा थरथरत होता.

ताई दारातून बघत होत्या. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "बसा काकू. घाई न्हाई. तहान लागंस्तोवर बसा." आणि मला जिन्यापर्यंत सोडायला येऊन कुजबुजल्या, "आजार कुणाचा हाय, बघितलंस?"

काकू ते पाणी प्यायल्या की नाही, मला माहीत नाही. ताईंनीही कधी सांगितलं नाही. राजीनाम्याचा विचार मी त्या जिन्यावरच सोडला.

दोन-तीन वर्षांनी ताई धर्माबादला गेल्या. "हितं आता असं बघणारे दुसरे झालेत. तिकडं कुणीच न्हाई," म्हणाल्या. जाताना माठ आणि तिवई मला देऊन गेल्या. मी तो स्टाफरूममध्ये ठेवला. मुख्याध्यापकांनी कुणाचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, "माझा. प्या." काही जण पितात, काही जण घरून बाटली आणतात. कोण काय करतं याकडं माझं लक्ष नसतं.

ताई वारल्याचा फोन मला त्या माठाशीच आला. नवीन आलेल्या एका शिक्षिकेसाठी मी पेला भरत होते. कितीतरी वर्षांनी माझा हात पुन्हा थरथरला, पाणी बोटांवरून खाली सांडलं. ती घाबरून म्हणाली, "मॅडम, राहू द्या, मी घेते."

"थांब," मी म्हटलं, "हलू दे त्याला." आणि पेला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला.