तीनास दोन

“पट्टी लाव. डोल्यांवर भरोसा नको,” असं म्हणत ताई टेबलावरची स्टीलची पट्टी माझ्याकडे सरकवायच्या. महाप्याच्या आमच्या छपाईच्या युनिटमध्ये त्या डिझाइन करायच्या, मी मशीन चालवायचो. दुकानाची पाटी असो की वाढदिवसाचा बॅनर, माप चुकलं की चिडायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती रजेवर गेली की सगळ्यांना हायसं वाटतं.

ताई मूळच्या शिरवण्याच्या. लग्न केलं नव्हतं; घरी त्या आणि म्हातारी आई.

ऑगस्टच्या तोंडावर एका पुढाऱ्याची ऑर्डर आली, घरोघर वाटायला तिरंगी झेंडे. ताईंनी फाईल चोख केली: लांबी तीन भाग, रुंदी दोन. पण त्या मापात कापडाची कड वाया जात होती. मालक म्हणाले, लांबी थोडी दाबा.

“भाऊ, दाबला तर चक्र गोल रहात नाय.”

“लोक काय मोजायला बसणारेत?”

“मी नाय करनार.”

मालकांनी ते दुसऱ्याकडून करून घेतलं. छापलं मीच. चक्र अंड्यासारखं उतरलं. ताई दिवसभर मशीनकडे फिरकल्या नाहीत.

झेंडे वाटले गेले आणि लगेच ‘ध्वजाचा अपमान’ म्हणून त्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागले. पुढाऱ्याची माणसं युनिटमध्ये येऊन उभी राहिली. मालक शांतपणे म्हणाले, “डिझाइन आमच्या ताईंचं.” मी म्हणालो, त्यांची फाईल उघडून बघा. कुणी बघितली नाही. त्यांना फाईल नको होती, माफीचा व्हिडिओ हवा होता.

मालक ताईंना म्हणाले, “माफी मागा, विषय संपेल. नाहीतर युनिटला टाळं लागेल. ही सगळी पोरं कुठे जातील?”

ताईंनी आमच्याकडे एकदा बघितलं. मग ओढणी सारखी केली, मोबाइलसमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले. “माझ्याकडून चूक झाली.”

युनिट चालू राहिलं. ताई पुन्हा कामावर आल्या नाहीत.

दिवाळीनंतर मी शिरवण्याला त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसून ताई सुकट निवडत होत्या. मी म्हणालो, “परत या ना. आणि गावात खरं काय ते सांगून टाका.”

“सांगितला. आयला पन सांगितला. ती म्हन्ते, मंग हात कशाला जोडलेस?”

तेवढ्यात आतून त्यांची आई भिंतीला धरत बाहेर आली. मी कंपनीतला आहे हे कळल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले.

“पोरीची चूक झाली, बाबा. पोटात घाला. लहानपनापासनं जरा येंधलीच हाय ती.”

ताईंनी मान वर केली नाही. सुकटीतला कचरा वेचून त्या बाजूला टाकत राहिल्या.