अंगणवाडीचा टीव्ही आणि माझे दोन अर्ज

आधी माफी मागतो. मी लिहिणाऱ्यांपैकी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून गावात मला लिहिता येतं असं समजतात. आजवर गावासाठी मी दोनच गोष्टी लिहिल्या, दोन्ही अर्ज होते आणि दोन्ही एकाच टीव्हीबद्दल होते. त्यांचं पुढे जे झालं ते पाहता मी पुन्हा पेन हातात घ्यावा की नाही, अशी शंका येते. तरी लिहितो, कारण हे कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाजवळ आहे. माझी आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवणं, झाडणं, लेकरांना घरून आणणं आणि परत पोचवणं हे तिचं काम. शिकवायचं काम सेविकाताईंचं. पण ताई कधी मीटिंगला, कधी घरोघरी, आणि उरलेला वेळ मोबाइलमध्ये माहिती भरत असतात. म्हणजे वीस-बावीस लेकरं आणि आई.

बारावीत असताना मी पहिला अर्ज लिहिला. शहरातल्या नर्सरीत टीव्हीवर गाणी दाखवतात, आमच्या मुलांनाही तशी सोय व्हावी, असं ग्रामपंचायतीला लिहिलं होतं. ‘सर्वांगीण विकास’ हा शब्द मी त्यात दोनदा घातला होता. काही महिन्यांनी टीव्ही आला. नारळ फोडला. लोकांनी माझ्या आईला सांगितलं, तुझ्या पोरानं आणला.

टीव्हीसोबत एक पेनड्राइव्ह आला होता. त्यात गाणी आणि हिंदी कार्टून होतं. दोन वर्षांत दुसरा पेनड्राइव्ह कोणी आणला नाही.

खरी अडचण रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत होते. तेव्हा गावातल्या बहुतेक बाया सकाळीच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात उतरतात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परततात. अंगणवाडी दोनला सुटते. पण रोवणीत ती दोनला सुटत नाही, असं आमच्याकडे आधीपासून चालत आलं आहे. मदतनीस लेकरं सांभाळते, बाया चिखलाचे पाय घेऊन येतात आणि आपापलं लेकरू उचलून नेतात. याचे कोणी पैसे देत नाही, कोणी मागत नाही. हे कुठे लिहिलेलंही नव्हतं.

यंदा जुलैच्या एका शनिवारी मी गोंदियाच्या खोलीवरून गावी आलो. दुपारी आईला डबा द्यायला अंगणवाडीत गेलो आणि तिथेच बसलो. दारात खाली आडवी फळी लावलेली होती. मागे पाण्यानं भरलेली बांधी आहे, लेकरू तिकडे जाऊ नये म्हणून. पडद्यावर उजेड पडतो म्हणून खिडकी बंद होती. आत ओल्या कपड्यांचा आणि खिचडीचा वास होता. सगळी लेकरं टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती, काहींची तोंडं उघडी. वरून प्रशिक्षणाचं लहान विमान गेलं. आधी विमानाचा आवाज आला की हीच लेकरं अंगणात पळायची, ते गिरकी घेऊन परत येईपर्यंत वर पाहत उभी राहायची. त्या दिवशी विमान चारदा गेलं. कोणी उठलं नाही.

मी आईला हळूच विचारलं की थोडा वेळ तरी बंद करता येत नाही का. ती भांडी घासत होती.

"कर बंद," ती म्हणाली, "अन् तू दारात बस. मले भांडे घासाचे आहेत, अन् एकाले बाहेर न्याचं आहे. फळीवरून दोघं उड्या मारतेत. एक जरी बांधीत गेला तं मी काय सांगू?"

मी टीव्ही बंद केला नाही.

संध्याकाळी शेजारची वहिनी तिच्या मुलीला न्यायला आली. मुलगी चार वर्षांची. वहिनीनं फळीपाशी उभं राहून तिला तीन वेळा हाक मारली. मुलीनं मान वळवली नाही. शेवटी आईनं तिला उचलून वहिनीकडे दिलं, तेव्हा ती हातपाय झाडत हिंदीत ओरडली, "छोड़ो मुझे." कार्टूनमधला आवाज जसाच्या तसा. बाकीच्या बाया हसल्या. कोणी म्हणालं, घे, तुझी पोरगी तं गोंदियाची सेठानी झाली. वहिनी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी सात-आठ बाया आमच्या अंगणात आल्या. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. कोणाचं लेकरू टीव्ही नसला तर जेवत नाही, कोणाचं डोळे चोळतं, कोणाचं आजीशी बोलत नाही. वहिनी सगळ्यांत शेवटी बोलली.

"मी दिवसभर वाकून राह्यतो. संध्याकाळी तिचं तोंड पाहाव वाटते. अन् ते पोट्टी मले पाह्यतच नाही. बाबू, तू आणलास तो टीव्ही, तूच काढून दे. लिही अर्ज."

आई आत तांदूळ निवडत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तक्रार टीव्हीची होती, पण टीव्ही सुरू करणारा हात तिचा होता. नाही लिहिलं तर आईला पाठीशी घातलं असं होणार, लिहिलं तर आईविरुद्ध. मी आत गेलो आणि तिच्याकडे पाहत उभा राहिलो. तिनं मान वर केली नाही.

"लिही," ती म्हणाली. "खरं आहे ते लिही."

मी खरं तेच लिहिलं. आईवर ठपका येऊ नये म्हणून मदतनीस एकटी असते, तिला जोडीला कोणी द्यावं, हेही लिहिलं. आणि टीव्ही किती चालतो ते नीट कळावं म्हणून लिहिलं: सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. बायांनी माना डोलावल्या, सह्या केल्या, काहींनी अंगठे लावले. सोमवारी कॉलेजात जाता जाता मी तो गोंदियाच्या बालविकास कार्यालयात दिला आणि पोचेची प्रत घेतली. मला त्या शिक्क्याचा अभिमानसुद्धा वाटला.

दोन दिवसांनी खोलीवर प्रत वाचताना मला ती ओळ दिसली. सायंकाळी सहापर्यंत. जी अंगणवाडी दोनला बंद व्हायला हवी, ती सहापर्यंत उघडी असते, हे मी स्वतःच्या अक्षरात सरकारला कळवलं होतं.

मी परत कार्यालयात गेलो. अर्जात एक चूक झाली आहे, तो परत मिळेल का, असं विचारलं. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. "आवक नंबर पड़ गया, भाऊ," तो म्हणाला, "अब नहीं निकलता."

त्यानंतर रोज फोनवर आईशी बोलायचो. जेवलास का, पाऊस आहे का, एवढंच. ती काही सांगत नव्हती, मी विचारत नव्हतो. दोन रविवार मी गावी गेलोच नाही, परीक्षा जवळ आली असं सांगितलं. परीक्षा जवळ नव्हती. वर्गात बसलो तरी डोक्यात ती फळी असायची, आणि तिच्या आत आई.

रोवणी अजून निम्मी राहिली असताना एका दुपारी तिचा फोन आला. अडीच वाजले होते. त्या वेळी ती कधी फोन करत नाही.

कार्यालयाचे साहेब येऊन गेले, असं तिनं सांगितलं. टीव्ही शासनाच्या नोंदीत आहे, तो निघणार नाही. दुसरी मदतनीस मिळणार नाही. मात्र दोनच्या ठोक्याला कुलूप लागलं पाहिजे. आजपासून लागलं.

मी वहिनीच्या मुलीबद्दल विचारलं.

"बांधीवर नेते आता. झाडाखाली बसवते, हातात मोबाइल देते. काय करल मंग?"

मी म्हणालो की ती सहाची ओळ माझी चूक होती, मला फार उशिरा दिसली.

"मले तवाच समजलं होतं, तू वाचला तवा."

"मग बोलली काऊन नाही?"

"मीच म्हनलो होतो ना, खरं लिही म्हनून. मंग सगळ्यायसमोर कशी म्हनू, का एवढं खोटं लिही?"

मग ती म्हणाली की साहेबांनी खुलासा मागितला आहे, वेळेनंतर अंगणवाडी कोणाला विचारून उघडी ठेवली ते लेखी द्यायचं आहे. आठ दिवसांत नाही दिलं तर कामावरून काढतील.

"रविवारी येजो," ती म्हणाली. "मले कुठी लिहिता येते? तूच लिहून दे."