पाहुण्यांचं पाणी

वाडीच्या तोंडाशी परदेशी मदतीतून उभी राहिलेली पाण्याची टाकी आहे. तिच्यावर दोन देशांचे झेंडे शेजारी शेजारी रंगवलेत. खालच्या नळाला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. मी नळ फिरवून पाहिला, तर आतून नुसती हवा सुसकारली.

"आज नाही यायचं," रिकामा हंडा कमरेवर घेतलेली एक बाई म्हणाली. "विहीरच आटली. तिकडचे पाहुणे बघायला यायचे असले, की आदल्या दिवशी टँकर आणून टाकी भरतात. मग काय, धो धो पाणी!"

आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. इथे पाणी पाहुण्याच्या पावलांनी येतं. दूर देशी कुणीतरी चांगल्या मनाने पैसे धाडले असतील, वाहत्या नळाचा फोटो बघून तो सुखावतही असेल. त्याला खरं सांगावं? आणि सांगितल्यावर तो आलाच नाही, तर?

झेंड्यांचा फोटो घ्यायला मी पिशवीतून कॅमेरा काढला. तशी बाईने लगबगीने हंडा नळाखाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अगंबाई, तुम्ही पाहुण्यांतलेच का?"