न वळणारं चाक

क्लायंट बाई मिहिरच्या लाकडी घोड्यावरून हात फिरवत "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणत होत्या आणि मी शेजारी पाना घेऊन उभी होते.

बुओना व्हिस्टातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही म्युझियमसाठी चालती मॉडेल्स बनवतो. या वेळी काम होतं पेडल येण्याआधीच्या सायकलचं. दोन लाकडी चाकं, मध्ये फळी. तिच्यावर बसायचं आणि पायांनी जमीन रेटत पळायचं. मी इथे कितीतरी वर्षं आहे, मिहिर पुण्याहून नुकताच आलेला. तरी लीड त्याला मिळाला. "त्याला नजर आहे," आमचे बॉस लिम म्हणाले होते. म्हणजे मला नाही, असं मी ऐकलं.

फळीला त्याने घोड्याचा आकार दिला होता. सुंदरच. बघून माझा जीव जळत होता. पण पुढचं चाक घोड्यात पक्कं बसवलेलं. इंटरनेटवर असंच चित्र 'पहिली सायकल' म्हणून फिरतं. बहुतेक अभ्यासक ती मागाहून रचलेली दंतकथा मानतात. खरं यंत्र एका जर्मन सरदाराचं, आणि त्याचं पुढचं चाक दांड्याने वळायचं.

ते वळणं महत्त्वाचं. सायकलवर आपण जिकडे कलतो, तिकडेच चाक वळवतो, म्हणून चाकं पुन्हा आपल्याखाली येतात. चाक वळलं नाही, तर पाय उचलताच माणूस पडणार.

बाई गेल्यावर मी हे लिमना सांगितलं.

"अनघा, यू आर जेलस लाह," ते इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले आणि हसले.

"आहेच. पण चाक वळत नाहीये."

शेजारीच उभा असलेला मिहिर घोड्यावर बसला. चार ढांगा टाकल्या, पाय उचलले आणि रंगाच्या डब्यांवर आडवा झाला. कोपर सोललं. मला आधी बरं वाटलं, मग फर्स्ट एड बॉक्स आणायला गेले.

"ताई, पुढचं चाक तुम्ही कराल का?" त्याने विचारलं.

केलं. चाक धरणारा चिमटा बसवायला घोड्याची मान कापावी लागली. कापताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या भेटीत तो पाय उचलून वर्कशॉपभर फिरला. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"स्टीअरिंग अनघाचं आहे," तो म्हणाला. "माझं मॉडेल पडलं होतं."

गप्प बसला असता तर बरं झालं असतं. एवढा सुबक हात, वर मनाचा मोठेपणा. एकाच माणसाला किती द्यायचं? घरी जाताना सेम्बावांगपर्यंत एमआरटी ट्रेनमध्ये मी तेच चघळत होते.

पुढचा प्रोजेक्टही त्यालाच मिळाला. मी त्याच्या टीममध्ये आहे. मत्सर वाटतो म्हणून आपलं निदान चुकतं असं नाही, आणि निदान बरोबर निघालं म्हणून मत्सर जातो, असंही नाही.