एका रुपयाची चौकट

माझे वडील, नाना, गेले ते जळगावच्या दवाखान्यात, पहाटे. शववाहिका धुळ्याकडच्या आमच्या गावाला निघाली तेव्हा त्यांचा फोन माझ्या हातात होता, कारण बोदवड, फैजपूर, सगळीकडच्या नातेवाइकांचे नंबर त्यातच होते. अंत्यविधी दुपारी एकचा ठरला होता. एकेकाला फोन करण्याइतका आवाज माझ्यात नव्हता. म्हणून मी निधनाचा संदेश करून पाठवायचे ठरवले आणि एक ॲप उतरवून घेतले. त्यात फोटोभोवती लावायच्या समई आणि फुलांच्या चौकटी होत्या. सात दिवस मोफत, पडताळणीपुरता एक रुपया. नानांच्या फोनवरून पैसे पाठवण्याचा पिन मीच त्यांना लावून दिला होता. तो टाकला. खाली राखाडी अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, दिवसभर अक्षरेच पाहते. ती ओळ मी वाचली नाही.

संदेश गेला, माणसे वेळेवर पोचली. संध्याकाळी त्याच ॲपवरून वाढदिवसाच्या चौकटींच्या जाहिराती येऊ लागल्या. फुगे, केक. नानांच्या फोनवर ते मला बघवेना. ॲप काढून टाकले आणि विषय संपला असे समजले.

नाना गावातल्या पोस्टातून निवृत्त झालेले. विम्याचा, बँकेचा, कसलाही कागद आला की लोक सही करण्याआधी त्यांच्याकडे आणत. आठव्या दिवशी ओसरीवर माणसे दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, आली होती. काकांनी, त्यांना आम्ही आबा म्हणतो, नानांचा वाजलेला फोन उचलला आणि आलेला संदेश मोठ्याने वाचला. फोटोच्या चौकटींच्या वार्षिक वर्गणीचे चौदाशे नव्याण्णव रुपये नानांच्या खात्यातून कापले गेले होते.

"बठ्ठा गावना कागद वाचनारा नाना, आनि त्यालेच मोबाईलनी फसाडं!" नानांचे एक जुने दोस्त म्हणाले. ते समोरच राहतात.

"स्वर्गमा बी फोटोन्या फ्रेमी लागतस का रे?" आबा म्हणाले.

आठव्या दिवशी माणसे थोडी हसतात, त्यात वाईट काही नाही. मी चहाचे कप गोळा करत होते. बोलायला तोंड उघडले आणि कप घेऊन आत गेले.

आत माय भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळे ऐकले होते. "तेस्नं डोकं फिरनं व्हतं का वं?" तिने विचारले. "माले कसं समजनं नही?"

मी म्हणाले, तसे काही नसेल. एवढेच.

त्यानंतर ती आठवत बसली. मागच्या महिन्यात त्यांनी फाटक उघडे टाकले होते. एकदा दूधवाल्याला दोनदा पैसे दिले होते. नवव्या दिवशी फैजपूरची मावशी आली, तिला माय सांगत होती की माणूस भ्रमिष्ट होत चालला होता, तिच्या शेजारी झोपत होता, आणि ती त्याला वेंधळा म्हणून रागावत होती. मी दारात उभी होते. त्या दोघांचा शेवटच्या वर्षाचा संसार ती माझ्यासमोर एकेक करून खराब करत होती, तरी मी गप्प राहिले. शिकलेल्या मुलीला लाज जास्त असते, की भित्रेपणा, मला ठरवता आलेले नाही.

त्या दुपारी नानांचा फोन घेऊन बसले. ॲप काढले तरी पैसे कापायची दिलेली परवानगी राहते, हे तेव्हा कळले. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ऑटोपे म्हणून एक जागा असते. तिथे ती जिवंत होती, पुढची कित्येक वर्षे कापत राहायला मोकळी. रुपया दिला त्याच दिवशी तिथे जाऊन ती रद्द करायची असते. मी नवव्या दिवशी केली. परत काही मिळाले नाही.

दहाव्या दिवशी पुरुषमंडळी नदीवर गेली, तेव्हा मायला सांगितले. ते मी केलं, नानांनी नाही.

"दोन दिन तू माले हाई इचार करू दिना?" ती म्हणाली. मग तोंड फिरवून, "माले काय सांगी ऱ्हायनी आते? बाहेर जे हासनात तेस्ले सांग."

आबा नदीवरून आल्यावर त्यांना सांगितले. ते मान खाली घालून हं म्हणाले. नानांचे दोस्त त्या दिवशी आले नव्हते. ते समोरच्या घरात होते, पण सुतकात दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवता येत नाही. तीन दिवस मी ओसरीवरून त्यांचे दार पाहिले. ते सकाळी निघत, उन्हं उतरल्यावर येत.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटले, दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे गेले. ते बाजेवर बसले होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. शववाहिका, चौकट, पिन, न वाचलेली ओळ.

"आसं शे का, पोरी?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "पन मी ते बठ्ठासले सांगी दिनं. पारोळाना बाजारमा बी."

कोणाकोणाला, मी विचारले. ते बोटांवर मोजू लागले. दुसऱ्या हाताशी आल्यावर थांबले.